फिंडुइलास: टूरिनने कुणासाठी थांबायला हवं होतं?

इव्रिनकाठ

नार्गोथ्रॉन्डच्या ओरोड्रेथ राजाची मुलगी फिंडुइलास हिच्याबद्दल हा धागा. आपल्या कमाटीबागेतल्या रविवारच्या वाचनगटात टॉल्किनच्या टूरिन या शापित योद्ध्याची कथा वाचून संपली आणि चर्चेत तिच्या वाट्याला 'बिचारी' एवढंच आलं. बाकी सगळा वेळ ड्रॅगन, काळी तलवार आणि शाप यांनी घेतला. मला ते फार लागलं. टॉल्किनने तिला पानं थोडी दिली आहेत, पण कथेचा सांधा तिच्यापाशीच आहे असं मला वाटतं. (पुढे कथा शेवटपर्यंत येणार आहे. वाचायची राहिली असेल त्यांनी आधी वाचून या.)

ज्यांनी टॉल्किनची फक्त अंगठीची मोठी कथा (लॉर्ड ऑफ द रिंग्ज) वाचली आहे त्यांच्यासाठी: हे सगळं त्याच्या हजारो वर्षं आधीचं, पहिल्या युगातलं. नार्गोथ्रॉन्ड म्हणजे नारोग नदीकाठी डोंगराच्या पोटात कोरलेलं, जगापासून लपून राहिलेलं एल्फांचं राज्य. तिथल्या ग्विन्डोर नावाच्या सरदाराचं फिंडुइलासवर प्रेम होतं. तो तिला फेलिव्रिन म्हणायचा. इव्रिनच्या तळ्यांवर चमकणाऱ्या उन्हावरून ठेवलेलं लाडाचं नाव. ४७२ सालच्या मोठ्या लढाईत शत्रूने त्याच्या कैदेतल्या भावाला त्याच्या डोळ्यांदेखत हाल करून मारलं. ग्विन्डोर संतापाने थेट त्या शत्रूच्या, म्हणजे अंधाराचा स्वामी मॉर्गॉथच्या, दारापर्यंत धडकला आणि पकडला गेला. चौदा वर्षांहून जास्त काळ गुलामीत काढून तो परतला तेव्हा असा वाकलेला, असा थकलेला होता की घरच्या माणसांनीही त्याला ओळखलं नाही. एल्फ असून तो माणसांमधला म्हातारा दिसत होता.

ओळखलं ते फक्त फिंडुइलासने.

माझ्यासाठी तिची कथा इथे सुरू होते. दिसतं त्याच्या आत काय आहे हे तिला कळतं. ग्विन्डोरबरोबर आलेला टूरिन (हा एल्फ नव्हे, माणूस) खोटं नाव सांगून राहतो. सगळं राज्य त्याच्या पराक्रमाने भारून त्याला मॉर्मेगिल, काळ्या तलवारीचा वीर, म्हणायला लागतं. ती मात्र त्याला सांगते की हे तुझं खरं नाव नव्हे असं मला वाटतं, आणि त्याच्यासाठी स्वतःचं एक नाव शोधते. पुढे तिचं मन टूरिनकडे वळतं, तेही ती ग्विन्डोरपासून लपवत नाही.

टूरिनच्या सल्ल्याने नार्गोथ्रॉन्ड लपणं सोडून उघड लढायला लागतं, नदीवर पूल बांधतं. ४९५ च्या वसंतात गेल्मिर आणि आर्मिनास हे दोन दूत सावध करायला येतात, पूल पाडा म्हणतात. कुणी ऐकत नाही. त्याच वर्षी ग्लाउरुंग ड्रॅगन फौजेसह येतो. तुम्हालादच्या रणात राजा पडतो, ग्विन्डोर जखमी होतो. मरताना तो टूरिनला म्हणतो की धाव आणि फिंडुइलासला वाचव. तुझ्या आणि तुझ्या नशिबाच्या मध्ये ती एकटी उभी आहे. तू तिला अंतर दिलंस तर नशीब तुला अंतर देणार नाही.

टूरिन पोचतो, पण ग्लाउरुंगच्या नजरेने जागीच खिळतो. त्याच्या समोरून कैदी बायका नेल्या जातात, फिंडुइलास त्याला हाक मारते, आणि तो हलू शकत नाही. मग ड्रॅगन त्याला सांगतो की तुझी आई आणि बहीण उत्तरेत हाल सोसतायत, आणि टूरिन तिकडे धावतो. ब्रेथिलच्या जंगलात राहणारी माणसं तैग्लिन नदीच्या उताराशी कैद्यांना सोडवायला ऑर्कांवर, म्हणजे मॉर्गॉथच्या राक्षसी सैनिकांवर, हल्ला करतात. ऑर्क कैद्यांनाच मारून टाकतात, फिंडुइलासला भाल्याने झाडाला खिळतात. मरता मरता ती निरोप ठेवते, मॉर्मेगिलला सांगा की फिंडुइलास इथे आहे.

माझा प्रश्न: ग्विन्डोरच्या बोलण्याचा अर्थ काय? तिच्याशी लग्न केलं असतं तर टूरिन वाचला असता, इतकाच? मला तो अर्थ फार तोकडा वाटतो.

सेवउसळ_वाचक

छान मांडलंस. रविवारी वेळेअभावी राहिलं खरं. वाचतोय.

न्यायमंदिर_चौक

मी गटात नवीन आहे. नाव शोधलं तर फिंडुइलास म्हणजे बोरोमिर आणि फारामिरची आई असं आलं. तीच का ही?

जुने_मसुदे

नाही, ती दुसरी. डोल आम्रोथची राजकन्या, गोंडोरच्या डेनेथोरची बायको. माणसांतली आणि तिसऱ्या युगातली. मुलं लहान असतानाच गेली. फारामिर पुढे एओविनच्या खांद्यावर जो ताऱ्यांचा निळा झगा घालतो तो या आईचा. गोंडोरमध्ये जुन्या काळची एल्फ नावं मुलांना ठेवायची रीत होती, म्हणून नाव तेच.

न्यायमंदिर_चौक

समजलं. आता पहिल्या युगाकडे वळतो.

रावपुरा_काका

मुली, लेख मनापासून लिहिला आहेस, म्हणून मनापासूनच विरोध करतो. आई आणि बहीण शत्रूच्या मुलखात हाल सोसतायत असं कळलं तर मुलाने काय करायचं? टूरिनने आईला सोडलं तेव्हा तो लहान पोर होता. त्याला डोरिआथच्या एल्फ राज्यात धाडून आई मोर्वेन मागे राहिली, पोटात त्याची बहीण निएनोर होती. तो सल माणसाला आयुष्यभर जाळतो. आपल्याकडे मातृऋण म्हणतात ते फिटत नाही. फिंडुइलासशी त्याचं नातं काय? लग्न नाही, वचन नाही. शिवाय तो मंत्रात जखडलेला होता. ज्याला हलताच येत नाही त्याच्यावर दोष कसा ठेवायचा?

दुसरं. मी आयुष्यभर इतिहास शिकवला. राजघराण्यातल्या बाईचं मोठं काम एका ओळीत उरकलं जातं, हे तुझं दुःख मला कळतं. आपल्याच बडोद्यात बघ. १८७५ साली मल्हाररावांना पदच्युत केल्यावर कवळाण्याच्या गोपाळरावांना दत्तक घेतलं ते जमनाबाईसाहेबांनी. ते पोर पुढे सयाजीराव झालं. महाराजांवर आपण तासन्‌तास बोलतो, बाईसाहेबांचं नाव मात्र रुग्णालयाच्या पाटीपुरतं उरलं. पण जमनाबाईंनी निर्णय घेतला होता. फिंडुइलासने कोणता निर्णय घेतला? तिच्या बाबतीत सगळं घडत गेलं, एवढंच मला दिसतं.

इव्रिनकाठ

काका, मंत्राबद्दल आधी. कैदी नेले तेव्हा तो जखडलेला होता, त्याचा दोष मीही त्याला देत नाही. पण त्यानंतर ग्लाउरुंग त्याला मोकळं करतो. टूरिन त्याच्यावर तलवार उगारून धावून जातो, म्हणजे हातपाय पुरते मोकळे आहेत. तेव्हा ड्रॅगन त्याला टोचतो की त्या एल्फ बाईच्या हाका तू ऐकल्या नाहीस, आता रक्ताचं नातंही नाकारणार का? आणि तो निघाल्यावर मागून बजावतो की फिंडुइलाससाठी रेंगाळलास तर मोर्वेन आणि निएनोर तुला कधी दिसणार नाहीत.

हे शेवटचं बघा. टूरिनने फिंडुइलासच्या मागे जाऊ नये याची ग्लाउरुंगला एवढी काळजी का? कैद्यांचा तांडा अजून लांब गेलेला नाही. तो मागे गेला असता तर ड्रॅगनचा डाव फसला असता, हे ड्रॅगनला कळत होतं. ग्विन्डोरला जे मरताना कळलं तेच शत्रूलाही ठाऊक होतं.

आणि आई-बहीण तेव्हा दोर्लोमिनमध्ये, त्यांच्या उत्तरेतल्या मुलखात, नव्हत्याच. टूरिनच्या पराक्रमाने वाटा काही काळ निर्धोक झाल्या, त्या संधीचा फायदा घेऊन मोर्वेन मुलीला घेऊन डोरिआथला पोचली होती. त्याच्याच तलवारीने तिला वाट करून दिली, आणि तो तिला सोडवायला रिकाम्या घरी गेला. लांबच्या दुःखाची बातमी खोटी निघाली. समोरची हाक खरी होती.

सेवउसळ_वाचक

हे ग्लाउरुंगच्या काळजीचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. परत वाचायला काढतो.

अकोटा_पूल

फिंडुइलासबद्दल इतकं चांगलं बोलताय, पण ग्विन्डोरचं काय? चौदा वर्षं ज्याने नरक भोगला, तो घरी येतो आणि त्याची प्रेयसी त्यानेच आणलेल्या पाहुण्यावर जीव टाकते. मला ग्विन्डोर या कथेतला सगळ्यात मोठ्या मनाचा माणूस वाटतो, आणि त्याच्यावरच सगळ्यात जास्त अन्याय होतो.

इव्रिनकाठ

ग्विन्डोरच्या मोठेपणाबद्दल दुमत नाही. पण त्या दोघांचं बोलणं पूर्ण वाचा, ते सविस्तर रूपात आहे. तो तिला समजावतो की एल्फांनी माणसांशी लग्न करणं बरं नव्हे. आजवर क्वचितच आणि फार मोठ्या कारणासाठी तसं झालंय, आणि हा माणूस काही बेरेन (एल्फ राजकन्येशी लग्न केलेला तो थोर वीर) नाही. मग तो टूरिनचं खरं नाव आणि त्याचा बाप हूरिन याच्या घराण्यावरचा मॉर्गॉथचा शाप तिला सांगतो.

तिचं उत्तर काकांच्या प्रश्नाचंही उत्तर आहे. ती सांगते की तुझ्यावरही माझं प्रेम आहे, ते अधिक नाही याची मला लाज वाटते. हे दुसरं प्रेम मी मागितलं नव्हतं, खूप काळ दूर ठेवलं, पण सुटका नाही. आणि टूरिन माझ्यावर प्रेम करत नाही, करणारही नाही, हेही ती स्वच्छ जाणून आहे. स्वतःला फसवणं नाही, ग्विन्डोरला फसवणं नाही, मोबदल्याची आशाही नाही. ज्या दरबारात सगळे मॉर्मेगिलच्या तेजात वाहवत गेले, पूल बांधून बसले, तिथे एवढं खरं बोलणारी ती एकटी. काका, हा निर्णयच होता.

जुने_मसुदे

थोडी भर, कारण तिची वंशावळ शोधताना नव्या लोकांचा गोंधळ होणार.

१९७७ च्या सिल्मरिलियन या टॉल्किनच्या पुस्तकात ओरोड्रेथ हा फिनारफिनचा मुलगा, म्हणजे गालाड्रिएलचा भाऊ. त्या हिशेबाने फिंडुइलास गालाड्रिएलची भाची. टॉल्किनच्या उत्तरायुष्यातल्या टिपणांत मात्र ओरोड्रेथ एक पिढी खाली येतो, फिनारफिनचा मुलगा आंग्रोड, त्याचा मुलगा होतो. त्याच टिपणांत गिल-गालाड हा ओरोड्रेथचा मुलगा ठरतो. म्हणजे दुसऱ्या युगातला नोल्डोर एल्फांचा शेवटचा महाराजा फिंडुइलासचा सख्खा भाऊ! छापील पुस्तकात तो फिंगोनचा मुलगा आहे, आणि ते संपादित करणाऱ्या त्याच्या मुलाने, ख्रिस्तोफर टॉल्किननी, नंतर लिहिलं की तसं करायला नको होतं.

तिची गोष्ट फार जुनी आहे. पहिल्या महायुद्धाच्या आसपास रचलेल्या मूळ कथेत नार्गोथ्रॉन्ड हे नावही नव्हतं, ग्विन्डोरच्या जागी फ्लिंडिंग होता, पण राजकन्या होती, फेलिव्रिन या नावाने. टॉल्किनने पुढे कितीतरी नावं आणि घराणी बदलली, पण ही मुलगी आणि तिला मागे टाकून निघून जाणारा टूरिन ही जोडी टिकून राहिली. टूरिनच्या गोष्टीत फिनलंडच्या कालेवाला महाकाव्यातल्या कुल्लेर्वोची सावली उघड आहे: अजाणता बहिणीशी संबंध, तिचं पाण्यात जीव देणं, तलवारीशी शेवटचं बोलणं.

रंगपेटी

ताई, मी फाइन आर्ट्सला आहे. तुमचा धागा वाचून कैदी नेतानाचा प्रसंग चित्रात घ्यायचा ठरवलाय. पहिला विचार साहजिकच रविवर्म्यांचा आला. लक्ष्मी विलासमधली त्यांची पुराणातली चित्रं लहानपणापासून पाहिलीत. एक प्रसंग, दोन-तीन माणसं, चेहऱ्यावर सगळा भाव. पण स्केच करायला घेतलं तर फिंडुइलास एकटीच मोठी होते आणि बाकीचे कैदी गायब होतात. तसं केलं तर परत 'नायकाची बाई' होऊन बसते.

म्हणून कीर्तिमंदिरात गेले. तिथे नंदलाल बोसांनी भिंतीवर महाभारताचं युद्ध रंगवलंय. एवढी गर्दी, पण नजर कुठेच एका माणसावर अडकून बसत नाही, रेषेबरोबर पुढे पुढे जाते. तशी रचना करायची आहे. कैद्यांची लांब रांग, त्यात ती, आणि टूरिन अगदी कडेला. एक अडचण आहे. तिने हाक मारली तेव्हा ती नक्की काय म्हणाली ते पुस्तकात आहे का? तोंड उघडं काढायचं की नाही, त्यावर अख्खा चेहरा अवलंबून आहे.

इव्रिनकाठ

तिने त्याला नावाने हाक मारली एवढं आहे. ती दिसेनाशी झाली तरी तो आवाज त्याच्या कानातून पुढे कधी गेला नाही असंही आहे. तेव्हा तोंड उघडंच काढ. आणि केस सोनेरी, फिनारफिनच्या घराण्याचे. टूरिन तिला सोनेरी झाडाची उपमा देतो.

कैद्यांची रांग काढायची तुझी कल्पना फार आवडली. टूरिनने फिरवलेली पाठ तिच्या एकटीकडे नव्हती. त्याच्या सल्ल्यावर विसंबलेल्या नगरातल्या सगळ्या बायका-मुली त्या रांगेत होत्या.

अकोटा_पूल

सोनेरी झाड म्हणतो तो पूर्ण संवाद काय आहे? माझ्याकडे सिल्मरिलियन आहे, त्यात सापडला नाही.

जुने_मसुदे

सिल्मरिलियनमध्ये ही कथा आटोपशीर आहे. हा भाग १९८० मध्ये छापलेल्या अपूर्ण कथांच्या संग्रहात आला, आणि मग २००७ च्या द चिल्ड्रन ऑफ हूरिनमध्ये सलग कथेत बसवला. फिंडुइलाससाठी वाचायचं असेल तर २००७ चंच घ्या.

इव्रिनकाठ

तो संवाद म्हणजे माझ्या मते कथेतली सगळ्यात भयंकर जागा, आणि पहिल्यांदा वाचताना ती अगदी साधी वाटते. टूरिनला लालाइथ नावाची एक छोटी बहीण होती, साथीच्या तापात तिसऱ्या वर्षी गेली. फिंडुइलासला तो म्हणतो की तुला पाहून मला तिची आठवण येते; तुझ्यासारखी सुंदर बहीण मला असती तर! तीही त्याला म्हणते, तुझ्यासारखा शूर भाऊ मला असता तर.

जिच्याशी त्याला लग्न करता आलं असतं तिच्यात तो बहीण शोधतो. आणि पुढे? ब्रेथिलच्या लोकांनी फिंडुइलासला पुरून वर ढिगारा रचला, हाउध-एन-एल्लेथ. त्याच ढिगाऱ्यावर टूरिनला एका वादळी रात्री एक मुलगी सापडते, भान हरपलेली, नावसुद्धा विसरलेली. तो तिला नीनिएल म्हणतो, तिच्याशी लग्न करतो. ती निएनोर, त्याची सख्खी बहीण, ग्लाउरुंगच्या मंत्राने स्मृती गेलेली. ग्विन्डोरने सांगितलेलं नशीब टूरिनला फिंडुइलासच्या थडग्यावरच गाठतं.

म्हणून 'लग्न केलं असतं तर वाचला असता' हा अर्थ लोकांना सुचतो, आणि तो चुकीचा नाही. पण मला तो अपुरा वाटतो. ग्विन्डोर लग्न कर म्हणत नाही. वाचव म्हणतो.

रावपुरा_काका

रात्री परत वाचून काढलं. ग्लाउरुंगच्या बजावण्याबद्दल तू म्हणतेस ते मान्य. पण एक गोष्ट सुटते आहे. ब्रेथिलच्या लोकांनी कैदी सोडवायचा प्रयत्न केलाच की! ते चांगले योद्धे होते, दबा धरून बसले होते, तरी ऑर्कांनी पहिल्या झटक्यात कैदी मारले. टूरिन एकटा, थकलेला, मागून धावत गेला असता तर वेगळं काय घडणार होतं? तीही मेली असती, तोही. मग ग्विन्डोरचं सांगणं निष्फळच ठरतं.

रंगपेटी

काकांचा मुद्दा बिनतोड वाटतोय.

इव्रिनकाठ

काका, यावर मी खूप विचार केला. तुम्ही म्हणता तसंच झालं असतं असं धरून चालू. टूरिन मागे जातो, लढतो, ती वाचत नाही, तो तिथेच पडतो. मग काय होत नाही ते बघा. दोर्लोमिनमध्ये त्याच्या हातून तिथला जुलमी ब्रोड्डा मरत नाही आणि मागे राहिलेल्या लोकांवर त्याचा सूड उगवत नाही. नार्गोथ्रॉन्ड पडल्याच्या बातमीपाठोपाठ मोर्वेन आणि निएनोर कदाचित तरीही बाहेर पडल्या असत्या. निएनोर तरीही मंत्रात सापडली असती. पण ढिगाऱ्याशी तिला टूरिन भेटला नसता. तिच्या पोटी भावाचं मूल नसतं, तिने तैग्लिनच्या घळीत उडी घेतली नसती, टूरिनच्या हातून ब्रेथिलचा सरदार ब्रांदिर याचा खून झाला नसता. टूरिन मेलाच असता, पण शाप पुरा झाला नसता. ग्विन्डोरने तिला गमावू नकोस असं कुठे म्हटलंय? तिला अंतर देऊ नकोस म्हटलंय. जाऊन हरला असता तरी ते पाळलं गेलं असतं.

आणि शेवटाकडचं एक सांगते, त्यावर रविवारी कुणी बोललं नाही. ब्रांदिरला मारल्यावर टूरिन हाउध-एन-एल्लेथवर जाऊन बसतो आणि फिंडुइलासलाच विचारतो की आता मी काय करू. त्याचा प्रश्न कोणता असतो? डोरिआथला आई-बहिणीकडे जाऊ, की त्यांना कायमचं सोडून लढाईत मरण शोधू. काका, त्या दिवशी पुलापाशी होता तोच प्रश्न, चार वर्षांनी, ४९९ मध्ये, तिच्याच थडग्याशी. इतक्या सगळ्यांनी त्याला सल्ले दिले, ग्विन्डोर, जिवलग मित्र बेलेग, ते दोन दूत. ते त्याने धुडकावले. सल्ला मागायला तो आपण होऊन जातो तो तिच्याकडे.

सेवउसळ_वाचक

आणि तेवढ्यात डोरिआथचा माब्लुंग येऊन निएनोरबद्दलचं खरं सांगतो.

इव्रिनकाठ

हो. तिथेच, नदीच्या उताराशी.

रावपुरा_काका

आईचं ऋण हा माझा मुद्दा मी सोडणार नाही. मोर्वेनची बातमी ऐकून न धावणारा मुलगा मला आवडला नसता. पण हरूनही पाळता आलं असतं, हे तुझं म्हणणं मला खोडता येत नाहीये. रविवारी यावर सगळ्यांसमोर बोल, मी शेवटी बोलेन. आणि ब्रेथिलच्या लोकांचं कुणीतरी घ्या. त्या बायका परक्या, एल्फ, आपल्या कुणी लागत नाहीत, तरी ते लोक त्यांच्यासाठी ऑर्कांवर तुटून पडले. हे हालेथचे लोक ना?

जुने_मसुदे

हालेथचेच, काका. बाप आणि जुळा भाऊ एकाच लढाईत पडल्यावर जिने आपली माणसं कुंपणाआड धरून ठेवली आणि पुढे ब्रेथिलला आणली, ती हालेथ. तिचा भाग मी घेतो. फक्त बैठक साडेपाचला ठेवा, सहानंतर उजेड कमी होतो आणि बारीक अक्षर दिसत नाही.

रंगपेटी

मी स्केच घेऊन येते. रांगेत मुलं पण दाखवू का, ते कुणीतरी पुस्तक बघून सांगा.